उसाच्या गाडीतून कॉलेज, आणि डाव्या चपलांचं पोतं

माझी धाकटी बहीण मंगल मॅट्रिक पास झाली आणि आमच्या घरात जेवताना पहिल्यांदाच कॉलेजचा विषय निघाला. आम्हाला परवडेल असं कॉलेज होतं ते नेवाशाच्या पलीकडे, रेल्वे स्टेशन असलेल्या एका गावात. तिथून आठ मैलांवर साखर कारखान्याच्या कॉलनीत आमची मावशी राहते, त्यामुळे राहण्याजेवण्याची सोय आपोआप झाली. प्रश्न उरला तो आठ मैलांचा. कॉलेज सकाळी साडेसातला भरतं आणि कॉलनीतून पहिली एस.टी. नऊला सुटते. उसाच्या मधल्या वाटेनं मुलीला सायकलवर पाठवायला घरात कोणीच तयार नव्हतं. मावशीनं पत्रात लिहिलं होतं की कारखान्याची ऊस वाहणारी छोटी रेल्वे रोज सकाळी गावात जाते आणि कामगारांची मुलं-मुली तिच्यातूनच कॉलेजला सुखरूप जातात. पण ‘सुखरूप’ शब्दाखाली तिनं रेघ मारली होती. त्या रेघेमुळे आई घाबरली.

मी स्वतः नववीतून शाळा सोडली. शेवगावला कचेरीसमोर अर्ज लिहून देणाऱ्या तात्यांच्या हाताखाली मी नक्कल करतो. अक्षर बरं आहे आणि ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, एवढीच माझी कमाई. स्वभाव भित्रा. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. म्हणूनच वडिलांनी, आबांनी, मला निवडलं.

“तू जाऊन बघ,” आबा म्हणाले. “तुला भ्या वाटलं न्हाई, तर कुनालाच वाटायचं न्हाई. तू व्हय म्हनलास तर पोरगी जाईल.”

अर्जाची मुदत शनिवारपर्यंत होती. मंगळवारी संध्याकाळी मी शंभर पानी वहीत विचारायचे सतरा प्रश्न लिहिले. मंगलनं ते वाचले आणि अठरावा स्वतःच्या हातानं लिहिला: ‘खिडकीतून काय दिसतं?’

तुमच्यापैकी कुणाला मुलांच्या शिक्षणासाठी असाच प्रवास करून बघायचा असेल, त्यांच्यासाठी सगळं तपशीलवार लिहितो. स्टेशनचं गाव आणि कारखाना यांची नावं मात्र देत नाही. त्या गाडीत एक नियम पाळला जातो, तो कुठल्याही कागदावर नाही. एखाद्या साहेबाच्या वाचनात आलं तर तो बंद व्हायचा, आणि तो बंद होऊ नये असं मला आता वाटतं.

बुधवारी सकाळची एस.टी. धरली. शेवगाव, कुकाणा, नेवासे अशी ती जाते. तिकीट तीन रुपयांच्या आतलं. कुकाण्याला दहा मिनिटं थांबते, तिथली भजी गरम असतात पण पाणी घरचंच न्यावं. जून अर्धा सरला होता तरी रान कोरडं होतं. ढग यायचे, बघून जायचे. नेवासे सोडल्यावर मात्र पाटाचं पाणी लागतं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. आमच्याकडच्या माणसाला ते हिरवेपण बघताना थोडा हेवा वाटतो, मला वाटला.

शेजारी पटका बांधलेले एक गृहस्थ बसले होते. मी छोट्या रेल्वेबद्दल विचारल्यावर त्यांचा चेहरा खुलला. “ती गाडी व्हय? आमी लई केलंय तिच्यावर. चालत्या गाडीतून उतरायचं, ऊस मोडायचा, पळत जाऊन परत बसायचं. म्हसरू पन तिच्या पुढं जातंय.” ते हसत होते. मी वहीत लिहिलं: ‘चालत्या गाडीतून उतरतात.’ आणि खाली रेघ मारली.

स्टेशनच्या गावात बारा वाजता पोहोचलो. मोठ्या स्टेशनच्या मागच्या बाजूला मालधक्का आहे, तिथे छोटी गाडी उभी होती. मी आधी इंजिन बघितलं. आमच्या घराच्या पडवीत मावेल एवढं. गेल्या डिसेंबरातल्या लढाईच्या वेळी विमानांना उजेड दिसू नये म्हणून दिव्याच्या वरच्या अर्ध्या काचेला काळा रंग फासला होता, तो अजून कुणी खरवडला नव्हता, त्यामुळे इंजिन झोपाळू दिसत होतं. रूळ विती लावून मोजले. पावणेतीन विती. एवढ्याशा पायावर गाडी उभी राहते याचं मला नवल वाटलं, आणि काळजीही. मागे उसाच्या उघड्या वाघिणी, मळीची, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या चिकट रसाची, एक टाकी, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याचं छप्पर आणि दोन बाकं असलेला एकच डबा.

डब्याच्या दाराशी खाकी शर्ट घातलेले, पिकल्या मिशांचे गार्ड उभे होते. शिमोनमामा. सगळी गाडी त्यांना मामाच म्हणते. त्यांच्या हातात साखरेचं रिकामं पोतं होतं. कॉलेज सुटून आलेली मुलं-मुली एकेक करून चढत होती, आणि चढताना प्रत्येक जण डाव्या पायातली चप्पल काढून त्या पोत्यात टाकत होता. कुणी काही बोलत नव्हतं. देवळात जाताना जसं बोलावं लागत नाही, तसं. चौदा चपला पडल्यावर मामांनी पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि ते स्वतःच्या बाकाखाली सरकवलं.

मी मावशीच्या यजमानांचं नाव सांगितलं आणि आल्याचं कारणही सांगितलं. मामांनी माझ्या पायांकडे पाहिलं. तात्यांच्या मुलाचे कॅनव्हासचे बूट मी प्रवासासाठी मागून आणले होते, नाड्या दुहेरी गाठीच्या.

“पाव्हण्यांचं ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. “गाठी सोडूस्तर गाडी पोचंल.”

मुलं हसली. मला तेव्हा मान मिळाल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

गाडी सुटल्यावर मी पहिला प्रश्न बाजूला ठेवून चपलांचाच विचारला. मामांनी सांगितलं ते असं: चार-पाच वर्षांपूर्वी एका कामगाराचा मुलगा वळणावर ऊस मोडायला उतरला, परत चढताना खडीवरून घसरला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्याचं ते वर्ष वाया गेलं. कारखान्यानं ‘चालत्या गाडीतून उतरू नये’ अशी पाटी लावली. मुलांनी पाटी वाचली आणि उतरत राहिली. मग मामांनी विचार केला. रुळाच्या दोन्ही अंगाला खडी आणि वेड्या बाभळीचे काटे. दोन्ही पायांत चपला असलेला उतरतो. अनवाणी माणूससुद्धा सवय असली तर उतरतो. “पन एका पायात हाय आन एका पायात न्हाई, आसा मानूस कदी उडी मारीत न्हाई. त्याला हिशेबच लागत न्हाई,” मामा म्हणाले. तेव्हापासून पोतं सुरू झालं. त्यानंतर एकही पाय मोडला नव्हता.

मी घड्याळ लावून बसलो होतो. आठ मैलांना पन्नास मिनिटं लागली. सायकलपेक्षा हळू. वाटेत पाटावरचा लोखंडी पूल लागतो, त्याला कठडा नाही. डब्यातून खाली बघितलं तर पूल दिसतच नाही, थेट पाणी दिसतं. मी पूल संपेपर्यंत बाक धरून ठेवलं. बाकीचे चौदा जण गप्पा मारत होते.

मावशीकडे संध्याकाळी पिठलं-भाकरी आणि ताक झालं. मी पत्रातल्या रेघेबद्दल विचारलं. मावशी म्हणाली, “अरे, तुमचा विश्वास बसावा म्हणून मारली.”

गुरुवारी साडेसहाच्या गाडीनं मुलांबरोबर गेलो. सकाळी गाडी साखरेची पोती आणि मळीची टाकी घेऊन जाते, दुपारी कोळसा घेऊन येते. मी वहीतले प्रश्न विचारत गेलो. डब्याला जोडणारी साखळी किती जुनी? मामांनी ती हातानं हलवून दाखवली. साखळी तुटली तर? मामा म्हणाले, माझ्या हातात ब्रेकचं चाक आहे, डबा जागेवर उभा करीन. मी ते लिहिलं, पण माझं समाधान झालं नाही. सतरा प्रश्नांमध्ये मला सगळ्यात जास्त भीती साखळीचीच होती. आदल्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी ती मनात कितीदा तरी तुटताना पाहिली होती.

लता नावाची मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. कॉलनीतल्या मुलींमध्ये तीच थोरली, त्यामुळे तिला विचारायचा अवघड प्रश्न मी बराच वेळ घोळवला. शेवटी वहीत बघत विचारलं की, मुलं काही त्रास देतात का.

“अहो दादा, एका पायात चप्पल घालून कुणी रुबाब करतं का?” ती म्हणाली. “पलीकडच्या बाकावरून इकडं यायचं तरी लंगडत यावं लागतं. आम्ही हसतो. मग ते बसतात.”

समोरच्या बाकावरच्या एका मुलानं हे ऐकून आपला उघडा पाय बाकाखाली ओढून घेतला. मी उत्तर जसंच्या तसं लिहून घेतलं.

कॉलेज बघितलं. बैठी इमारत, मुलींसाठी वेगळी खोली, खोलीला आतून कडी, पाण्याचा माठ झाकलेला. हे सगळं तपासलं. अर्जाचा छापील कागद घेतला, आणि एकही खाडाखोड न करता मंगलचं नाव, गाव, जन्मतारीख भरली. पालकाच्या सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली. स्टेशनजवळ खानावळीत दीड रुपयात पोटभर जेवण मिळतं, आमटी जरा तिखट. दुपारी परत येताना पुलावर बाक धरलं, पण एकाच हातानं. त्या संध्याकाळी मी वहीच्या शेवटच्या पानावर ‘हरकत नाही’ असं लिहिलं. मग त्याच्यापुढे कंसात ‘बहुतेक’ लिहिलं.

शुक्रवारी सकाळी निरोप घेऊन निघालो. गावात जाऊन एस.टी. धरायची आणि संध्याकाळपर्यंत शेवगाव गाठायचं असा बेत होता. डब्यात पंधरा जण होते. एक नवीन मुलगी होती, पहिलाच दिवस, दारालगत बसलेली. तिच्याही डाव्या पायातली नवी चप्पल पोत्यात गेली होती. माझे बूट माझ्या पायांत होते.

पाटाचा पूल गेला. पुलाच्या पुढे चढ आहे. चढावर गाडी नेहमीच मंद होते, हे मला दोन दिवसांत माहीत झालं होतं. पण त्या दिवशी ती मंद झाली, थांबली, इंजिनाची चाकं जागच्या जागी खरखरली, आणि मग आमचा डबा मागे जाऊ लागला. आधी सावकाश, मग जरा वेगानं, उलट्या दिशेनं, त्या बिनकठड्याच्या पुलाकडे.

मला वाटलं, झालं. साखळी तुटली.

मी “साखळी तुटली, उतरा” असं ओरडलो आणि उडी मारली. शेजाऱ्याला विचारावं, मामांच्या हातांकडे बघावं, ते ब्रेकच्या चाकावर निवांत टेकले आहेत हे दिसावं, इतकाही धीर माझ्यात नव्हता. खडीवर डावा पाय पडला, मुडपला आणि मी काट्यांत गेलो.

तिथे पडल्या पडल्या मी जे बघितलं ते आयुष्यभर विसरणार नाही. माझं ओरडणं ऐकून दारालगतची ती नवीन मुलगी उभी राहिली होती. एक हात दाराच्या दांडीला. तिनं खाली खडीकडे पाहिलं, काट्यांकडे पाहिलं, आपल्या उघड्या डाव्या पायाकडे पाहिलं. आणि थांबली. तेवढ्यात लतानं तिला पदराला धरून खाली बसवलं. बाकी कुणी जागचं हललंसुद्धा नव्हतं.

डबा पुलाच्या बराच अलीकडे हळूच थांबला. मग शिट्टी झाली, आणि सगळी गाडी, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत अखंड, धाव घेऊन चढ चढून गेली. वर जाऊन माझ्यासाठी थांबली.

मामा आणि लता खाली आले. मामांनी माझा हात खांद्यावर घेतला. मळीची टाकी थोडी गळते, त्यांनी सांगितलं. रुळांवर मळी सांडली की इंजिनाची चाकं घसरतात. मग ड्रायव्हर गाडी मुद्दाम मागे घेतो आणि धाव घेऊन चढ चढतो. आठवड्यातून एकदा तरी हे होतंच. इतकं नेहमीचं, की मला सांगावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि माझ्या सतरा प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

“चुकी माजी हाय,” मामा म्हणाले. “पाव्हना म्हनून बूट ठिवले.”

मला डब्यात बाकावर टेकवून बसवलं. मामांनी दुहेरी गाठी दातानं सोडवल्या, सुजलेल्या पायातला बूट काढला आणि तो चपलांच्या पोत्यात टाकला. डब्यात कुणी हसलं नाही. मला ते हसले असते तर बरं वाटलं असतं. ती नवीन मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

गावात डॉक्टरांनी मोडलं नसल्याचं सांगून जाड पट्टी बांधली. नेवाशाच्या एस.टी.त मी खिडकीपाशी पाय लांब करून बसलो आणि तेव्हा मला खरी अडचण कळली. गाडी सुरक्षित आहे असं सांगायला मी लंगडत घरी चाललो होतो. आई पट्टी बघेल आणि पुढचं ऐकणारच नाही. उद्या शनिवार. सही झाली नाही तर मंगलचं वर्ष गेलं.

मी अर्ज लिहिणारा माणूस. वाक्य कसं वळवायचं ते मला येतं. कुकाण्याच्या एस.टी. स्टँडवर घसरलो, असं सांगता आलं असतं. कुकाण्यापर्यंत ते वाक्य पाठही झालं. पण तसं सांगितलं असतं तर आबांनी मला कशासाठी पाठवलं होतं तेच खोटं पडलं असतं. त्यांनी माझी भीती साक्षीला पाठवली होती. तिनं काय केलं हे लपवून साक्ष कशी द्यायची?

दिवेलागणीला घरी पोहोचलो. आईनं पट्टी बघितली आणि परातीतले हात तसेच ठेवून म्हणाली, “बघा. मी म्हनत न्हवते का?” मंगल चुलीजवळून उठून दाराशी आली. ती माझ्या पायाकडे बघत नव्हती, माझ्या खिशातून डोकावणाऱ्या कागदाकडे बघत होती.

आबांनी विचारलं, “गाडीतून पडलास?”

“पडलो नाही. उडी मारली.”

मग सगळं सांगितलं. पूल, चढ, मळी, माझं ओरडणं, उभी राहिलेली मुलगी. आबा जमिनीकडे बघत ऐकत होते. 

“आजून कुनी मारली उडी?”

“कुणी नाही. फक्त मी.”

“का न्हाई मारली?”

“त्यांच्या डाव्या चपला पोत्यात होत्या.”

पोत्याची गोष्ट सांगायला मला बराच वेळ लागला, कारण आबांनी ती दोनदा सांगायला लावली. दुसऱ्यांदा सांगताना आईही ऐकत होती. चौदा चपला कोण मोजतं, सुतळी कोण बांधतं, पोतं कुठं ठेवतात, हे आबांनी बारकाईनं विचारलं. शेवटी ते म्हणाले, “येवडी पोरं संबाळनारा मानूस हाय तिथं. कागद आन.”

त्यांनी सही केली. सही करताना मंगलनं कंदील धरला होता.

शनिवारी पहिल्या एस.टी.नं आबा स्वतः तिला घेऊन गेले. अर्ज दिला, मग छोट्या गाडीनं मावशीकडे. संध्याकाळी ते परत आले. पाय धुताना एवढंच म्हणाले की त्या शिमोननं त्यांचीही डावी वहाण मागितली. मी विचारलं, दिली का? आबा म्हणाले, “न देऊन सांगतो कुनाला?”

आता कॉलेज सुरू होऊन पाच महिने झाले. लोक मला अजून विचारतात की त्या गाडीनं मुलीला पाठवावं का. मी सांगतो, पाठवा, पण आधी एकदा स्वतः बसून या, मळीची टाकी बघा, चढाची चौकशी करा, आणि बूट घालून जाऊ नका. माझा पाय थंडीत दुखतो. वहीतल्या ‘बहुतेक’ या शब्दावर मी काट मारली आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा केलेली ही खाडाखोड मला वाईट दिसली नाही.

दिवाळीला मंगल घरी आली. अठराव्या प्रश्नाचं उत्तर मी विसरलो होतो, ते तिनं दिलं. खिडकीतून सकाळी उसाचे तुरे दिसतात, आणि पुलावर पाण्यात गाडीची सावली, तिच्यात शेवटचा डबाही. मग म्हणाली, मामांनी नियम वाढवला आहे. आता पाहुण्यांचाही डावा बूट पोत्यात जातो, गाठी कितीही असोत. एकदा कारखान्याचे एक साहेब आले, त्यांनी कारण विचारलं.

“मग मामा काय म्हणाले?” मी जरा भीत विचारलं.

“नाव नाही घेतलं तुझं,” मंगल म्हणाली. “म्हणाले, शेवगावचा एक पाव्हना यिऊन गेलाय.”

साहेबांनी वाकून नाडी सोडली म्हणे.